सांगलीतलं बाईंडिंगचं दुकान: शिलाई एक नंबर, कटिंगला मात्र समोर उभं राहा

हरभट रोडच्या आतल्या बोळात जुनी पुस्तकं बांधून देणारे एक काका आहेत, नाव टाकत नाही कारण खाली तक्रार पण आहे आणि माणूस चांगलाय. झेरॉक्सवाले स्पायरल मारून देतात तसलं काम नाही हं, इथं जुजबंदी शिलाई, दोऱ्यानं, एकेक फर्मा, म्हणजे घडी घातलेल्या पानांचा जुडगा, सुटा करून. खळ घरी शिजवतात आणि त्यात मोरचूद (ते निळं विषारी औषध) टाकतात म्हणजे कसर लागत नाही. 2019 च्या पुरात भिजलेल्या पोथ्या अजून येतात त्यांच्याकडं.

मी दिलेलं पुस्तक रद्दीतलं, इंग्रजी, कव्हर गायब, सुरुवातीची पानं गायब. अमेरिकेतल्या कॉलेजांत एकोणिसाव्या शतकात पोरं काय खेळायची त्याचा इतिहास, मी शाळेत पीटी शिकवतो म्हणून उचललं. काकांनी आधी पान न् पान नंबरनं लावलं, आणि लावता लावता चित्रं बघत बसले, मी अर्थ सांगत बसलो, त्यामुळं उशिराचा सगळा दोष त्यांना देता येत नाही.

काका सांगलवाडीचे, तरुणपणी कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यतीत वल्ही मारलेले. 1852 च्या शर्यतीचं चित्र आलं तशी सुई खाली! हार्वर्ड विरुद्ध येल, 3 ऑगस्टला, न्यू हॅम्पशायरमधल्या विनिपसॉकी तळ्यात, आणि अमेरिकेत दोन कॉलेजांत झालेला पहिला सामना म्हणजे हाच. खर्च उचलला रेल्वे कंपनीनं, का तर शर्यत बघायला गर्दी होईल आणि तिकिटं खपतील. हार्वर्ड जिंकलं, बक्षीस काय तर अक्रोडाच्या काळ्या लाकडाची चांदी लावलेली वल्ही, आणि ती दिली फ्रँकलिन पिअर्सनं, जो त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षाची निवडणूक जिंकला. काका म्हणाले, "वल्हीच दिली व्हय? आमच्यात ढाल देत्यात की ओ."

1859 ला अॅमहर्स्ट आणि विल्यम्स कॉलेजांचा बेसबॉल झाला, स्कोअर 73-32, आणि दुसऱ्या दिवशी तीच दोन कॉलेजं बुद्धिबळाला बसली, हे मला जाम आवडलं. त्याच अॅमहर्स्टमध्ये 1861 पासून डॉ. हिचकॉक नावाच्या मास्तरांनी सगळ्या पोरांना व्यायाम सक्तीचा केला, संगीताच्या तालावर डंबेल्स, आणि प्रत्येकाची उंची, वजन, छाती रजिस्टरला. दीडशे वर्षांपूर्वी! आमच्या शाळेत वजनकाटा मागून मागून मी दमलो. बाकी पोरांचे हाल पण होते, सकाळी उठून प्रार्थनेला हजेरी सक्तीची, हार्वर्डनं ती 1886 मध्ये बंद केली. पोरींचं पण आहे, 1891 च्या डिसेंबरमध्ये नेस्मिथ नावाच्या पीटी मास्तरनं पीचच्या टोपल्या टांगून बास्केटबॉल काढला आणि 1893 मध्ये स्मिथ कॉलेजच्या पोरींची मॅच झाली ती पुरुषांना बघायला बंदी घालून.

आता तक्रार. शिलाई, पुठ्ठा, कणा सगळं झकास, पुस्तक टेबलावर सपाट उघडतं, पण कटिंगला, म्हणजे पानांच्या कडा सारख्या कापताना, खालून जास्त गेलं. 6 नोव्हेंबर 1869 चा रटगर्स-प्रिन्स्टन फुटबॉल, एकेका बाजूला 25 गडी, बॉल हातात घेऊन पळायचं नाही पण हातानं टोलवला तर चालतो, निकाल 6-4, एवढं वाचता येतं आणि चित्राखालची ओळ निम्मी उडालेली. हार्वर्डच्या 1892 च्या फुटबॉलमधल्या डावाचं पण तेच, ज्यात गडी पाचरीसारखे जमून समोरच्यांत घुसायचे, पाचर आहे, ओळ नाही. काका म्हणतात कटिंग बाहेर मशीनवर होतं, मशीनवाल्या पोराची चूक. बरं, पण पैसे घेताना मशीनवाला पोरगा कुठं गेला होता? पन्नास कमी केले शेवटी, मी पण फार ताणलं नाही.

घेतले 300, त्यात कापडी कणा आणि पुठ्ठा. सोनेरी अक्षरं टाकायचे वेगळे, मी टाकली नाहीत, नाव कुणाला माहितीय पुस्तकाचं. ऑनलाइन पेमेंट चालतं पण फोन त्यांच्या पोरीकडं असतो, रोख न्या. तारीख देतील त्यात आठवडा धरूनच चाला, एप्रिल-मेमध्ये तर जाऊच नका, ऑफिसांची रजिस्टरं पडलेली असतात. आणि समास कमी असलेलं पुस्तक असेल तर चिठ्ठीवर 'कटिंग नको' असं मोठ्या अक्षरात लिहून पुस्तकातच खोचून द्या.