भाजीचं जोडमडकं: भुसावळच्या उन्हाळ्यात पैसे वसूल, पावसाळ्यात नाही

फ्रिज घरात असताना साडेसहाशे रुपये मडक्यावर कशाला, असं आमच्या ह्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, वांग्यांसाठी.

आठवडे बाजारात भरताची वांगी स्वस्त दिसली की दोन किलो घेतल्याशिवाय इथं कुणी परतत नाही. एका भरतात सगळी लागत नाहीत. उरलेली फ्रिजात जातात आणि काही दिवसांत सालीला खड्डे पडतात, आतला गर तपकिरी होतो. वांग्याला दहा अंशांखालचा गारवा सोसतच नाही. बाहेर टोपलीत ठेवावीत, तर उन्हाळ्यात सुरकुतून जातात. टाकून दिलेल्या भाजीत आमच्याकडे वांग्याचाच नंबर पहिला असायचा.

जोडमडकं म्हणजे मोठ्या कुंडीत लहान मडकं, मधल्या फटीत वाळू, वर ओलं गोणपाट. वाळूत पाणी घालायचं. ते बाहेरच्या मातीतून पाझरून उडतं आणि आतलं मडकं गार पडतं. आपला खिडकीतला कूलर चालतो तसंच हे, फक्त पंखा नाही. नायजेरियातले शिक्षक मोहम्मद बाह अब्बा यांना अशाच मडक्यांच्या कामासाठी २००० साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. हवा जितकी कोरडी तितकं काम चांगलं, आणि एप्रिल-मेमध्ये कोरड्या हवेची आपल्याकडे काय कमी! ओट्यावर पारा ४३ दाखवत असताना मी मडक्यात थर्मामीटर ठेवला, तर २७ च्या आसपास होता. वांगी, गिलकी, काकडी, हिरव्या मिरच्या चार-पाच दिवस टवटवीत राहतात. मेथी-पोकळा एक-दोन दिवस, त्याहून जास्त आशा धरू नका. दुपारी लाइट गेली तरी याला फरक पडत नाही.

आता तक्रारी. मडक्याचं झाकण नीट बसत नाही, मी त्यावर ओलं फडकं टाकते. वाळू भरल्यावर ते इतकं जड होतं की हलवायचं नावच नको. जागा आधीच ठरवा. मी आधी कूलरच्या खोलीत ठेवायच्या विचारात होते, पण कूलरच्या दमट हवेत पाणी उडणार कसं? आता मागच्या ओसरीवर, सावलीत, वारा लागेल अशा तिवईवर आहे. पाणी सकाळ-संध्याकाळ घालावंच लागतं. आमच्या बोअरच्या जड पाण्याने बाहेरून पांढरा थर धरतो, मातीची छिद्रं बुजतात आणि गारवा कमी होतो. म्हणून मधूनमधून काथ्याने घासते. नळाचं पाणी येईल तेव्हा तेच वापरते.

काय ठेवू नये तेही सांगते. कांदा, लसूण, बटाटे नकोत, ओलाव्याने कोंब फुटतात, सडतात. केळीही नकोत. रावेरकडचे पाहुणे आले की घरात फणी असतेच, पण पिकणारं केळं इथिलीन वायू सोडतं. तो बंद मडक्यात कोंडला की शेजारची काकडी, मेथी पिवळी पडते. उरलेली भाजी, वरण, दूध यासाठी फ्रिजच. २७ अंशांत शिजलेलं अन्न टिकत नाही.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला की याचं काम संपतं. हवाच ओली, मग गारवा कुठला? उलट आत बुरशी धरते. मी वाळू काढून दोन्ही मडकी उन्हात वाळवते आणि माळ्यावर टाकते.

घ्यायचंच असेल तर साधं, न रंगवलेलं घ्या. प्रदर्शनात ऑइलपेंटने वारली चित्रं काढलेलं एक हजाराच्या पुढे होतं. दिसायला झकास, पण रंगाखालून पाणी पाझरणार कसं? आमच्या कुंभारकाकांकडचं ओबडधोबड आहे. पाणी घातल्यावर बाहेरून ओलसर डाग दिसला, तेव्हाच मी पैसे दिले.