उताराच्या बागेसाठी ट्रॅक्टर घेताना झालेली फसवणूक

कोंढाळी, काटोल, नरखेड या पट्ट्यात ज्यांची संत्र्याची बाग टेकाडाच्या अंगावर आहे आणि जे गवत कापण्यासाठी ट्रॅक्टर बघत आहेत, त्यांनी पैसे देण्याआधी हे वाचावं. आम्हाला नागपुरातल्या एका विक्रेत्याने फसवलं. ट्रॅक्टर जुना नव्हता, चोरीचाही नव्हता. फोर व्हील ड्राइव्ह ठरली होती, ती मिळाली. पॉवर स्टिअरिंग ठरलं होतं, तेही मिळालं. डोळ्यांना दिसणारं सगळं बोलीप्रमाणे होतं. जे दिसत नाही ते त्याने बदललं, आणि उतारावर चालवणाऱ्याचा जीव नेमका त्यावरच अवलंबून असतो.

बागेत नांगर-वखर न घालता गवत कापायचं आम्ही ठरवलं त्याला कारण आहे. संत्र्याची अन्न घेणारी मुळं वरच्या थरातच असतात. मशागतीत ती तुटली की तिथून बुरशी शिरते आणि पुढे झाड डिंक्या रोगाला बळी पडतं. शिवाय आमचं वावर मुरमाड. उघडं केलं तर पहिल्या जोराच्या पावसातच माती नाल्यात जाते. म्हणून गवत मुळासकट काढायचं नाही, वरून कापून तिथेच पडू द्यायचं. त्यासाठी ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्यावर, चालणारा स्लॅशर, म्हणजे गवत कापणारं पात्यांचं यंत्र, लागतो. सपाट जमिनीवर तो कोणत्याही ट्रॅक्टरला चालतो. उतारावर तसं नाही.

म्हणून आमच्या मागण्या ठरलेल्या होत्या: फोर व्हील, ड्युअल क्लच, ऑइल ब्रेक, सीटच्या मागे कंपनीचा रोल बार (ट्रॅक्टर उलटला तर चालवणाऱ्याला वाचवणारी चौकट) आणि सीट बेल्ट. माझ्या दिराने आणि मी हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवलं. विक्रेत्याचं उत्तर आलं, "सगळं भेटून जाईल वहिनी, टेन्शन घेऊ नका जी." त्याने त्याच्या मैदानावर आम्हाला एक ट्रॅक्टर चालवून दाखवला, त्यात हे सगळं होतं. कोटेशनमध्ये मात्र मॉडेलचं नाव, हॉर्सपॉवर, फोर व्हील, पॉवर स्टिअरिंग आणि एकूण रक्कम एवढंच. बाकीचं का नाही, असं दिराने विचारलं, तर म्हणाला, "मॉडेलच्या नावातच सारं येते भाऊ."

ते येत नाही. एकाच नावाचा ट्रॅक्टर सिंगल क्लचमध्येही निघतो आणि ड्युअलमध्येही, साध्या डिस्क ब्रेकमध्येही आणि तेलात बुडालेल्या ब्रेकमध्येही. बोनेटवरचं स्टिकर एकच, किमतीत मात्र चांगला फरक. दाखवला एक आणि बागेत उतरवला दुसरा.

कळलं ते पावसाळ्यात, मृग बहाराची झाडं असलेल्या वरच्या पट्ट्यात गवत कापताना. आमचा ड्रायव्हर जुना आणि जपून चालवणारा. स्लॅशर चालू ठेवून तो उताराने खाली येत होता. धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, थांबायला त्याने क्लच दाबला. पेडल पूर्ण खाली होतं तरी ट्रॅक्टर पुढे रेटला गेला, धुरा ओलांडला आणि खालच्या झाडावर जाऊन अडकला. झाड मोडलं. माणूस वाचला, हे आमचं नशीब.

काटोलच्या मिस्त्रीने पाहिल्याबरोबर सांगितलं की हा सिंगल क्लच आहे. यात पेडल दाबलं की इंजिन सुटतं, पण चाकं आणि पीटीओ गिअरबॉक्समध्ये एकमेकांना जोडलेलेच राहतात. स्लॅशरची जड पाती तेव्हाही वेगाने फिरत असतात. त्यांचा जोर शाफ्टमधून उलटा येतो आणि चाकांना ढकलतो. ड्युअल क्लचमध्ये पीटीओची वाट वेगळी असते, त्यामुळे हा धक्का चाकांपर्यंत पोचत नाही. सिंगल क्लचवर स्लॅशर लावायचाच असेल तर शाफ्टला ओव्हररनिंग क्लच बसवतात, म्हणजे जोर ट्रॅक्टरकडून यंत्राकडे जातो, उलटा येत नाही. याच विक्रेत्याने दिलेल्या स्लॅशरला तो नव्हता. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हरसुद्धा नव्हतं.

मिस्त्रीने मग रोल बार पाहिला. त्यासाठी आमच्याकडून वेगळे पैसे घेतले होते. तो कंपनीचा निघालाच नाही. फॅब्रिकेशनच्या दुकानात साध्या पाइपला वेल्डिंग करून, काळा रंग देऊन मडगार्डच्या पत्र्यावर नटबोल्टने बसवलेला होता. खरा रोल बार मागच्या एक्सलच्या हाऊसिंगवर बसतो, त्याची चाचणी झालेली असते आणि तशी पट्टी त्यावर लावलेली असते. ट्रॅक्टर उलटला तर त्याने चालवणाऱ्यासाठी जागा राखायची असते. आमच्या बारवर पट्टी नव्हती, सीट बेल्टही नव्हता. उन्हासाठीचं छत म्हणून तो ठीक होता. त्याला सुरक्षा म्हणून विकणं हा माणसाच्या जिवाशी केलेला खेळ आहे, आणि मला सर्वात जास्त राग त्याचाच आहे. पैशाचं नुकसान भरून निघतं. त्या सीटवर बसणाऱ्याच्या घरी दोन लेकरं आहेत.

ब्रेक बाहेरून पाहून कळत नाहीत. चेसिस नंबर देऊन कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर विचारलं, तेव्हा साधे डिस्क ब्रेक असल्याचं कळलं. ओल्या गवतात, चिखलात, दिवसभर उतारावर ब्रेक धरत काम करायचं तर तेलातले ब्रेक जास्त भरवशाचे. ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात हेही ध्यानात घ्या. उतरताना वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि घसरतात. फोर व्हील लावलेली असेल तर इंजिनचा रोध पुढच्या चाकांनाही मिळतो. म्हणून उतरण्याआधीच खालचा गिअर टाकायचा, फोर व्हील लावायची आणि मध्ये क्लच दाबायचा नाही.

आता तपासणीचं, कारण त्यासाठीच हे लिहीत आहे. क्लच पाहायला स्लॅशर सोडा, पीटीओ सुरू करा, शाफ्टपासून सगळ्यांना दूर उभं करा आणि सपाटीवर गिअरमध्ये चालवा. पेडल अर्धं दाबलं की ट्रॅक्टर थांबला पाहिजे आणि पीटीओ फिरत राहिला पाहिजे. दोन्हींची ताकद एकदम सुटली तर तो सिंगल आहे, मग विक्रेता काहीही म्हणो. ही तपासणी शोरूममधल्या नमुन्यावर नको. तुमच्या नावावर येणाऱ्या, तुमच्या चेसिस नंबरच्या ट्रॅक्टरवर करा, आणि ती झाल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नका.

मध्य प्रदेशात बुदनी इथे केंद्र सरकारची शेतीयंत्रं तपासणारी संस्था आहे. तिच्या अहवालात क्लच, ब्रेक, वजन, चाकांमधलं अंतर, पीटीओवर प्रत्यक्ष मिळणारी ताकद असं सगळं लिहिलेलं असतं. विक्रेत्याकडून तो अहवाल मागा आणि त्यातला प्रकारच कोटेशनमध्ये उतरवून घ्या. विक्री प्रमाणपत्र म्हणजे नमुना 21, त्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं, तेही बघा.

बागेसाठी म्हटलं की विक्रेते अरुंद मिनी ट्रॅक्टर पुढे करतात. 6 बाय 6 मीटरच्या लागवडीत, झाडं लहान असताना तरी, तेवढ्या अरुंद चाकांची गरज नसते. उतारावर तर चाकं जितकी फाकलेली तितका तोल चांगला. बऱ्याच ट्रॅक्टरांत मागच्या रिम उलट्या बसवून अंतर वाढवता येतं. ते डिलिव्हरीच्या वेळीच करून मागा. मागच्या टायरमध्ये तीन चतुर्थांश पाणी भरलं तर वजन खाली राहतं. हे सगळं करूनही मर्यादा आहेच. मोबाइलमधल्या लेव्हलने उतार मोजा. 15 अंश म्हणजे 100 फुटांत जवळजवळ 27 फूट चढ. त्याहून जास्त असेल तिथे आम्ही ट्रॅक्टर नेत नाही, मग तो कितीही भारी असो. आणि गवतात दडलेले दगड आधी वेचून घ्या. वरच्या बाजूचं चाक दगडावर चढलं की उतार एकदम वाढतो, आणि पात्याखाली आलेला दगड गोळीसारखा सुटतो.

आमच्या ओळखीतल्या एका कास्तकाराला याच विक्रेत्याने सांगितलं होतं, "आधी ट्रॅक्टर उचला, अनुदान मागून पास होते." महाडीबीटी या राज्य सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवर आधी पूर्वसंमती मिळते, मग खरेदी करायची असते. आधी घेतलेल्या ट्रॅक्टरला अनुदान मिळत नाही. असं बोलणाऱ्या दुकानातून उठून या.

आम्ही 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि वकिलामार्फत नोटीस पाठवली. उत्तरात विक्रेत्याने लिहिलं की शेती हा व्यवसाय आहे, सबब आम्ही ग्राहकच नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात शेतकऱ्यांना ग्राहक मानलं आहे, त्यामुळे असल्या उत्तराने कुणी घाबरू नये. 50 लाखांपर्यंतच्या खरेदीचा दावा जिल्हा ग्राहक आयोगात लावता येतो. 5 लाखांपर्यंत फी लागत नाही, 5 ते 10 लाखांना 200 रुपये. मुदत 2 वर्षांची असते. आमच्या बाजूने सर्वात मोठा पुरावा म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरची ती यादी आणि तिच्यावरचं त्याचं उत्तर. फोनवर काहीही ठरलं तरी तेच लगेच लिहून पाठवा आणि लेखी होकार घ्या.

नोटीस गेल्यावर त्याने कंपनीचा रोल बार आणि बेल्ट बसवून दिला. क्लच आणि ब्रेकबद्दल तो अजून हात वर करतो, म्हणून आता आयोगात दावा लावला आहे. तोवर ट्रॅक्टर खालच्या सपाट पट्ट्यातच चालतो, आणि वरचं गवत आम्ही माणसं लावून ब्रश कटरने कापून घेतो.