झेंडूची फुले: घ्याच, पण मूळ कविता शेजारी ठेवून वाचा

केशवकुमार म्हणजे आपले आचार्य अत्रे. त्यांचा 'झेंडूची फुले' हा विडंबन कवितांचा संग्रह नुकताच पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि यावेळी ज्या कवितांची टर उडवलीय त्या मूळ कविता शोधून शोधून बरोबर वाचल्या, आणि खरं सांगते पुस्तक दुप्पट मोठं झालं. म्हणून हा रिव्ह्यू.

आधी माणसाबद्दल थोडं, कारण अत्रे म्हटलं की लोकांना भाषणं आठवतात, 'मराठा' पेपर आठवतो, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ आठवते, नाहीतर 'श्यामची आई' सिनेमा, ज्याला १९५४ साली राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. कवी अत्रे मात्र या सगळ्याच्या मागे कुठेतरी राहून जातात. जन्म १८९८ चा, सासवडजवळच्या कोडीतचा. पुण्यात शिकले आणि तिथेच मास्तर झाले, आणि हे पुस्तक आलं १९२५ मध्ये, म्हणजे तेव्हा नाटकं नव्हती, सिनेमा नव्हता, पेपर नव्हता, होता तो विशी-तिशीच्या मधला एक तरुण शिक्षक ज्याला कवितेचं प्रचंड वेड होतं. नाटककार-कवी राम गणेश गडकऱ्यांना तो गुरू मानायचा. गडकऱ्यांचे गुरू श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, म्हणजे मराठी विनोदाची ही सरळ परंपराच आहे, फक्त अत्र्यांनी ती कवितेत नेऊन जी काय धमाल केली ती आधीच्या दोघांपेक्षा वेगळी आहे.

त्या वेळचं पुणं डोळ्यासमोर आणल्याशिवाय हे पुस्तक नीट कळत नाही. १९२३ मध्ये रविकिरण मंडळ सुरू झालं होतं, माधव जूलियन, यशवंत, गिरीश वगैरे मंडळी एकत्र जमून कविता वाचायची, चालीवर गाऊन दाखवायची, आणि लोक ऐकायला गर्दी करायचे. माधव जूलियन फारसीचे प्राध्यापक, त्यामुळे कवितेत फारसी शब्द, गझला, प्रेमाचे उसासे. सुनीतांची, म्हणजे चौदा ओळींच्या कवितांची, पण लाट होती. चांगल्या कविता भरपूर लिहिल्या गेल्या हे मान्यच, पण फॅशन आली की नक्कल येतेच आणि मग प्रत्येक जण विरहात आणि प्रत्येक जण एकाकी. अत्र्यांनी नेमकं तिथे बोट ठेवलं.

आता कविता. माझ्या मते सगळ्यात वरचढ आहे ती 'आम्ही कोण?'. केशवसुतांची मूळ कविता बहुतेकांनी शाळेत वाचलेली असते, कवी म्हणजे देवाचे लाडके, त्यांना सगळं जग खेळायला दिलंय, असा तिचा थाट. अत्रे सुरुवात करतात, "आम्ही कोण म्हणूनि काय पुसता दाताड वेंगाडुनी?" आणि पुढे विचारतात की मासिकात आमचा फोटो नाही का बघितला! केशवसुतांचा कवी देवाशी नातं सांगतो आणि अत्र्यांचा कवी फोटो छापून आल्याचं सांगतो, बस, एवढ्या एका उडीत त्या काळचे सगळे प्रसिद्धीवेडे कवी सापडतात (आजचेही सापडतील, फोटोची जागा फक्त बदललीय). पण मला जे खरं थक्क करतं ते वेगळंच आहे. ती ओळ मोजून बघा. वृत्त शार्दूलविक्रीडित, म्हणजे ओळीत एकोणीस अक्षरं, बारा अक्षरांवर यती (म्हणताना घ्यायचा थांबा), आणि 'पुसता' वर बरोबर बारा पूर्ण होतात आणि 'दाताड वेंगाडुनी' ही उरलेली सात, लघुगुरू, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ अक्षरांचा ठरलेला क्रम, एकही चुकत नाही. केशवसुतांच्या भारदस्त वृत्तात 'दाताड' हा शब्द इतक्या सहज बसवलाय की हसू येतं ते शब्दामुळे आणि बसण्यामुळे, दोन्हीमुळे. वृत्त ढिलं असतं तर नुसता वात्रटपणा राहिला असता.

आणि आता ही दुसरी गोष्ट बघा. 'आजीचे घड्याळ' आठवतेय ना, "आजीच्या जवळी घड्याळ कसले आहे चमत्कारिक", ती पण केशवकुमारांचीच, या पुस्तकातल्या विडंबनांच्या जातीची मुळीच नाही, अगदी हळवी आहे, आणि तीसुद्धा शार्दूलविक्रीडितातच आहे. दोन्ही पाठोपाठ मोठ्याने म्हणून बघा. वृत्त तेच, कवी तोच, एकीकडे पोट धरून हसवतो आणि दुसरीकडे आजीबद्दल मन भरून येतं. अत्र्यांनी कवींची टिंगल केली ती कविता येत नव्हती म्हणून केली असं ज्यांना वाटतं त्यांनी हे एकदा करून बघावंच.

'परिटास' पण अशीच. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची "पाखरा, येशिल कधि परतून?" ही उडून जाणाऱ्या पाखरासाठीची व्याकुळ कविता, आणि अत्रे तीच हाक कपडे घेऊन गेलेल्या परिटाला मारतात, "परिटा, येशिल कधी परतून?". व्याकुळता तीच, विषय फक्त धुण्याचा. यात टिळकांचा अपमान कुठेच वाटत नाही मला, उलट मूळ चाल किती पक्की आहे तेच कळतं, कारण परीट आला तरी ती मोडत नाही.

'प्रेमाचा गुलकंद' बद्दल जास्त सांगत नाही, माहीत नसेल तर मजा जाईल. तो तिला नेमाने गुलाब देत राहतो आणि शेवटी त्या सगळ्या गुलाबांचं काय झालं ते कळतं, नावातच अर्धं फुटलंय तरी शेवट वाचताना हसू येतंच. हे विडंबनापेक्षा स्वतंत्र विनोदी कथाकाव्य आहे म्हटलं तरी चालेल, मूळ कविता माहीत असायची गरजच नाही, त्यामुळे नव्या वाचकाने इथून सुरुवात करावी. 'मनाचे श्लोक' मध्ये राजकारण आहे, चार आण्यात देशभक्त व्हायची सोय, तेव्हा काँग्रेसच्या सभासदत्वाची वर्गणी चार आणे होती हे माहीत असेल तरच तो टोला बसतो, नाहीतर चार आणेच का असं वाटत राहतं.

आणि इथेच पुस्तकाची अडचण येते. माझ्याकडे जी आवृत्ती आहे तिच्यात मूळ कविता दिलेल्याच नाहीत, कशाचं विडंबन आहे ते पण धड सांगितलेलं नाही. १९२५ च्या वाचकाला ते सांगावं लागत नव्हतं, त्याच्या तोंडात त्या ओळी होत्याच, पण आजच्या कॉलेजमधल्या मुलाने काय करायचं? काही कविता तर त्या वेळच्या वादांवर इतक्या अवलंबून आहेत की संदर्भ न कळता नुसत्या वाचून पुढे जावं लागतं. प्रकाशकाने डाव्या पानावर मूळ आणि उजव्या पानावर विडंबन असं छापलं तर हे पुस्तक वृत्त शिकायचं सगळ्यात आनंदाचं साधन होईल, शाळेत सुद्धा. मला हे मनापासून वाटतं.

दुसरं म्हणजे ऱ्हस्वदीर्घाच्या चुका. गद्यात चालून जातील, इथे नाही. 'म्हणूनि' चं 'म्हणुनी' छापलं की ओळ तिथेच लंगडते आणि वाचणाऱ्याला वाटतं कवीचंच चुकलं. एवढ्या नीट माणसावर हा अन्याय आहे. नेटवर फिरणाऱ्या कॉपीत तर याहून वाईट अवस्था आहे, त्यामुळे फुकट मिळतंय म्हणून तिथून वाचू नका, विकत घ्या आणि घ्यायच्या आधी दोन पानं उघडून 'आम्ही कोण?' तपासून घ्या.

बायकांविषयीची नजर काही ठिकाणी त्या काळातल्या पुरुषाचीच आहे, प्रेयसी म्हणजे टिंगलीचं निमित्त, तिला स्वतःचं काही म्हणणं नाही. 'गुलकंद' मध्ये तरी ती बाजी मारते म्हणून ती मला जास्त आवडते. बाकी ठिकाणी मी ते काळाचं म्हणून सोडून दिलं, सगळ्यांना जमेलच असं नाही.

मनात वाचू नका, मोठ्याने वाचा, शक्य असेल तर दोघांनी मिळून, एकाने मूळ म्हणायची आणि दुसऱ्याने विडंबन. सलग पण वाचू नका, एका बैठकीत दोन-तीन पुरे. पाचपैकी साडेचार स्टार देतेय, अर्धा कापलाय तो छपाई आणि टिपांसाठी, अत्र्यांसाठी नाही. आवडलं तर पुढे त्यांच्या गंभीर कवितांचा 'गीतगंगा' आणि 'कऱ्हेचे पाणी' हे आत्मचरित्र घ्या, आत्मचरित्राचे खंड बरेच आहेत पण कवितेचं वेड कुठून लागलं ते समजून घ्यायला पहिल्यापासूनच सुरू करा.