सेइको कायनेटिक: मृगापासून वैशाखापर्यंत वापरल्यावर

हे घड्याळ मी मृगापासून बांधतोय, आता वैशाख चालू आहे. रावेर तालुक्यात आमची केळी आहे. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. आधीचं स्मार्टवॉच चार्जिंगला घरी राहायचं आणि मोटार चालू करायला निघालो की मनगट रिकामं. ती कटकट आता संपली.

आत अर्धगोल, वजनदार रोटर असतो. हात हलला की तो फिरतो, दातेरी चक्रांतून वेग वाढत जातो आणि इवलासा जनित्र मिनिटाला १ लाख फेऱ्यांपर्यंत गरगरतो. ती वीज रिचार्जेबल सेलमध्ये साठते. पुढचं काम साध्या क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणाऱ्या घड्याळासारखंच. कंपनीने नमुना १९८६ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या घड्याळ प्रदर्शनात दाखवला, विक्री १९८८ पासून. कानाशी धरून हलवलं की बारीक घरघर ऐकू येते, मला ती फार आवडते.

माझ्या मॉडेलला दोनच्या आकड्याजवळ बटण आहे. दाबलं की सेकंदकाटा पटकन ५, १०, २० किंवा ३० सेकंद पुढे सरकतो. जितका लांब, तितका साठा जास्त. यावरूनच कळलं की सगळी हालचाल सारखी नसते. ठिबकच्या नळ्या बघत बागेत फिरलो, केळीची पिलं (बुंध्याशी येणारे फुटवे) कापली, की काटा ३० गाठतो. मोटारसायकलवर सावद्याला जाऊन आलं तरी फरक पडत नाही, कारण हात हँडलला घट्ट. खड्ड्यांनी रोटर थरथरतो, फिरत नाही. लग्नसराईत बसून राहिलो तेव्हा काटा १० वर आला. साठा अगदी संपत आला तर सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारतो, पण वेळ बरोबरच दाखवतो.

भाचा विचारतो, मामा, असंच स्मार्टवॉच का नाही? अरे, काट्यांच्या घड्याळाला जेमतेम मायक्रोवॅट लागतात, स्क्रीन आणि ब्लूटूथला त्याच्या हजारो पट. कॅनडात संशोधक मॅक्स डोनलन यांच्या गटाने २००८ मध्ये गुडघ्यावर बांधायचं यंत्र केलं. दोन्ही पायांना लावून चाललं की सुमारे ५ वॅट मिळत. पण एकेकाचं वजन दीड किलोच्या वर! ते बांधून कोण घड कापणार?

तक्रारी आहेत. घड्याळ जाड आहे, फुल बाहीत अडकतं. केळीचा चीक पट्ट्याच्या कड्यांत बसला की काळा पडतो, जुना टूथब्रश आणि साबण लागतो. उन्हाळ्यात स्टीलच्या पट्ट्याखाली घामोळं येतं. मी नायलॉनचा पट्टा टाकलाय.

दिवसभर टेबलाशी बसणाऱ्याने सौर घड्याळ घ्यावं. शेतात, गोठ्यात, बाजार समितीत पायपीट असेल तर हेच घ्या. जुन्यात घेताना मात्र साठवणीचा सेल बदललाय का, हे आधी विचारा. सुरुवातीच्या मॉडेलांत सेलऐवजी कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असायचा आणि तो वयाने थकतो; मग कितीही हात हलवा, रात्रभर काढून ठेवलं की सकाळी घड्याळ बंद.