एक इंच म्हणून पंचवीस मिलिमीटर

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी आमच्या सोसायटीच्या फाटकाशी येऊन परत गेली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, निर्धास्त. पाणी आलं ते पुढच्या मे महिन्यात, हॉलमधल्या फिशटँकमधून.

टँक चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच, म्हणजे साधारण ३४० लिटर. खाली प्लायच्या कपाटात फिल्टरचा संप, म्हणजे पाणी साठणारी छोटी टाकी. टँकच्या कोपऱ्यातल्या खिडकीवरून पाणी सांडतं, पाइपने संपात उतरतं, पंप ते परत वर ढकलतो. उतरणाऱ्या पाण्यापेक्षा ढकललेलं जास्त झालं की टँक भरून वाहणार, यात काही गूढ नाही. पावसाळ्यात आजवा तलावाची पातळी रोज पाहणारे आम्ही बडोदेकर, पण घरातल्या सांडव्याचं तोंड केवढं, हे मी विचारलं नाही.

विचारलं नाही असं तरी कसं म्हणू? दुकानदाराने स्वतःच सांगितलं होतं, "काका, चिंता ना करो, एक इंचनी बे लाइन आपी छे." एक रोजची, दुसरी इमर्जन्सी. दोन्हींचे पैसे वेगळे, वर काळ्या रंगाचे आणखी सातशे, "देखावमां सारूं लागे" म्हणून. जाताना रिटर्नच्या, म्हणजे पाणी परत वर नेणाऱ्या पाइपाच्या, वॉल्वकडे बोट दाखवून म्हणाला, याला हात लावू नका. तो अर्धा बंद होता. का, ते तेव्हा सुचलं नाही.

मे महिन्यात पाणी तापलं, मासे वर येऊन तोंड मारायला लागले. प्रवाह वाढला की हवा मिळेल म्हणून मी वॉल्व पूर्ण उघडला आणि आम्ही दांडिया बाजारात एका मुंजीला गेलो. परत येईतो दीडेक बादली पाणी जमिनीवर, कपाटाचं प्लाय फुगलेलं, संप रिकामा आणि त्यात कोरडा फिरून जळलेला पंप. खालच्या बेनच्या छताला ओल आली ती निराळी.

दुकानदाराने माझ्यावरच ढकललं. वॉल्व तुम्हीच उघडलात ना?

मग आमच्या नेहमीच्या प्लंबरला बोलावलं. ते कपाटात डोकं घालून बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर पॉलिश पेपरने पाइपवरचा काळा रंग घासला. खाली छापलेलं होतं : २५ एमएम. "भाऊ, ही पाऊण इंची आहे." पीव्हीसी पाइपचा आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो, एक इंची म्हणतात तो ३२ चा. २५ च्या पाइपला पट्टी लावाल तर इंच भरतो, पण आतून पाणी जायला जागा मिळते वीस-एकवीस मिलिमीटरची. सातशे रुपये कशाचे दिले ते तेव्हा कळलं.

दुसरी लाइन आणखी भारी. वर खिडकीत दोन तोंडं होती खरी, पण कपाटामागे भिंतीकडच्या बाजूला दोन्ही एका टीमध्ये, म्हणजे तीन तोंडांच्या सांध्यात, जोडून खाली एकच पाइप संपात सोडलेला. त्या पाइपात गोगलगाय अडकली असती तर इमर्जन्सीसुद्धा तिच्याबरोबरच बंद.

जळलेल्याच्या जागी तसलाच पंप आणून प्लंबरनी मोजून दाखवलं. रिटर्नखाली दहा लिटरची बादली धरली, १७ सेकंदांत भरली. म्हणजे तासाला एकवीसशे लिटर. (खोक्यावर ३५०० लिहिलंय, पण ते पाणी वर चढवायचं नसताना. चार फूट चढवलं की एवढंच उरतं.) पाऊण इंची पाइपातून हवेसकट गडगडत तासाला तेराशेच्या आसपास लिटर उतरतं, खऱ्या एक इंचीतून बाविसशे. खरोखर एक इंच दिला असता तर वॉल्व उघडूनही टँक सांडला नसता.

जाता जाता त्यांनी पंपाचं बटण बंद केलं. रिटर्नचं तोंड पाण्यात चार इंच खोल, त्यामुळे पाणी उलटं खाली यायला लागलं. या टँकचा एक इंच म्हणजे १४ लिटर, चार इंचांचे ५६. आमचा संप अख्खाच ५६ चा आणि दोन-तृतीयांश भरलेला. त्यांनी पाइप वर ओढला, नाहीतर पुन्हा पुसायला बसलो असतो. आता पृष्ठभागाच्या किंचित खाली त्या पाइपाला एक भोक आहे. लाइट गेली की तिथून हवा शिरते आणि ओढ तुटते.

दुकानात पुन्हा गेलो. तो हसला आणि टेबलावर पट्टी ठेवून म्हणाला, "मापी लो काका, एक इंच छे के नहीं?" बिल कच्चं, त्यावर नुसतं 'पाइप फिटिंग साथे'. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली आहे, पण बिलाच्या कागदावर ना ३२ लिहिलंय ना २५.

काचेतली भोकंच २५ ची, आता ती मोठी करायची माझी हिंमत नाही. टी काढून दोन्ही पाइप वेगवेगळे खाली नेले, दुसऱ्याचं तोंड इंचभर वर ठेवलं आणि पंप छोटा आणला. वॉल्व पूर्ण उघडा असतो. बायको मात्र बाहेर निघताना अजूनही एकदा हात लावून जमीन पाहते.