थेरपीची खोली की मधली सुट्टी?

स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलाला बोलता येतं, पण गप्पांत शिरता येत नाही. मग ते स्पीच थेरपिस्टकडे शिकवायचं, की शाळेत, मुलांमध्ये?

खोलीत शांतता असते. 'आधी तू, मग मी' हे चित्रकार्डांवर कितीही वेळा घोटता येतं, चुकलं तरी कुणी हसत नाही. ज्याला प्रश्न समजायलाच वेळ लागतो, त्याची सुरुवात इथेच व्हावी. पण माझा मुलगा तिथे 'मला खेळायला घ्याल का?' सुरेख म्हणायचा आणि लगोरीच्या घोळक्यापाशी शर्टाचं बटण पिरगाळत उभा राहायचा. एकीकडे शिकलेलं दुसरीकडे वापरणं, हेच या मुलांना जड जातं.

शाळेत बाईंनी दोन-तीन सवंगड्यांना सांगितलं: त्याला नावाने हाक मारा, उत्तरासाठी थांबा, डबा खाताना शेजारी बसवा. एक दिवस त्याने स्वतःहून शेजाऱ्यापुढे शंकरपाळे धरले! अर्थात, गोंगाट असह्य होणाऱ्या मुलाला थेट मैदानात ढकलू नये.

माझा कौल शाळेला. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, समावेशक शिक्षण, म्हणजे इतर मुलांसोबतच शिकणं, हेही आहे. म्हणून बाईंकडे मदत मागायला संकोचू नका. आठवड्याला थेरपीचा एकच तास परवडत असेल, तर शक्य तेव्हा थेरपिस्टनाच मधल्या सुट्टीत शाळेत बोलवा.