दाराला अडकवायची कप्पी आणि आखडलेला खांदा : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

वर्ध्याच्या दुकानातून खांद्याच्या व्यायामाची कप्पी मी ३५० रुपयांना आणली, त्याला आता नऊ महिने झाले. वस्तू साधीच आहे: दाराच्या वरच्या कडेला अडकवायचा पट्टा, एक चाक, नायलॉनची दोरी आणि दोन मुठी. चांगल्या हाताने दोरी खाली ओढली की दुखरा हात आपोआप वर जातो. पहिल्या तीन महिन्यांत या कप्पीने माझे नुकसान केले आणि पुढच्या सहा महिन्यांत तिनेच माझा हात मोकळा केला. वस्तू तीच होती. खांद्याला नेमके काय झाले आहे, हे मला ठाऊक नव्हते.

मी प्राथमिक शाळेत शिकवते, वय ५२, मधुमेह आठ वर्षांपासून. आधी फळ्यावर वरच्या ओळीत लिहिताना कळ येऊ लागली, मग रात्री त्या कुशीवर झोपणे बंद झाले आणि शेवटी वेणी घालायला मुलीला बोलवावे लागले. गावात तेल लावून चोळून घेतले. त्यानंतर कप्पी आणली आणि दुखेल तितके चांगले, असे समजून रोज दोरी जोराने ओढत राहिले. महिनाभरात रात्रीचे दुखणे दुपटीने वाढले, तरी मी ओढणे थांबवले नाही.

शेवटी सेवाग्रामच्या रुग्णालयात गेले. डॉक्टरांनी कोपर कमरेला टेकवायला सांगून माझा पंजा स्वतःच्या हाताने बाहेरच्या बाजूला फिरवून पाहिला. तो जागचा हलला नाही. एक्स-रेमध्ये काही दोष नव्हता. सांध्याभोवतीचे आवरण सुजून आकसते, त्यामुळे हात आपणही हलवू शकत नाही आणि दुसऱ्यालाही हलवता येत नाही. यालाच फ्रोझन शोल्डर म्हणतात, असे त्यांनी समजावले. मधुमेहींमध्ये हा विकार अधिक आढळतो आणि अधिक चिवटही असतो. आधी दुखण्याचा काळ, मग आखडण्याचा आणि नंतर हळूहळू सुटण्याचा, असे त्याचे तीन टप्पे असून सगळे मिळून एक ते तीन वर्षे लागू शकतात. मी पहिल्याच टप्प्यात दोरीला हिसके देत होते.

सांध्यात स्टेरॉईडचे एक इंजेक्शन घेतले. त्यानंतर काही दिवस साखर वाढली (हे आधीच सांगितले होते, म्हणून रोज तपासत होते), पण पंधरवड्यात रात्रीची झोप परत आली. मग गरम पाण्याचा शेक, वाकून हात लंबकासारखा झुलवणे आणि त्यानंतर कप्पी, असा क्रम लागला. ताण जाणवावा, पण दुखणे रात्रीपर्यंत रेंगाळू नये, एवढीच मर्यादा. भिंतीवर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. सहा महिन्यांत बोटे खांद्याच्या उंचीवरून डोक्याच्या वीतभर वर पोहोचली.

कप्पीतही उणिवा आहेत. आमच्या जुन्या सागवानी दाराची फळी जाड असल्याने पट्टा नीट बसेना आणि एकदा तर चाक डोक्यावर पडले. अखेर छताच्या मयालीला बांधली. मुठींवरचा फोम चौथ्या महिन्यात फाटला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कप्पी हात फक्त वर नेते. बाहेरच्या बाजूला फिरवण्यासाठी दोन्ही हातांत आडवी काठी धरावी लागते. तुराटी त्या कामी मोडते, वेळूची काठी घ्यावी.

माझे चुलत दीर, म्हणजे भाऊजी, बैलगाडीतून पडले, तेव्हा त्यांनी हीच कप्पी मागून नेली. त्यांचे दुखणे मात्र वेगळे निघाले: स्वतःला हात वर नेता येत नव्हता, पण दुसऱ्याने उचलला तर तो सहज वर जात होता. एमआरआयमध्ये स्नायूची दोरी हाडापासून सुटलेली दिसली आणि दुर्बिणीतून ती पुन्हा हाडाला शिवावी लागली. त्यानंतर सहा आठवडे हात झोळीत होता. त्या काळात कप्पीची दोरी ओढली असती, तर टाके तुटण्याचा धोका होता, म्हणून कप्पी खुंटीवरच राहिली. माझ्या दुखण्यातही शस्त्रक्रियेचा मार्ग होता, म्हणजे भूल देऊन हात मोकळा करणे किंवा आकसलेले आवरण दुर्बिणीतून सोडवणे. पण कित्येक महिने व्यायाम करूनही फरक पडला नाही, तरच त्याचा विचार करू, असे डॉक्टरांनी सांगितले होते. ती वेळ आली नाही.

आता वेणी मीच घालते. पाठीमागे हात मात्र अजून कमरेच्या वर जात नाही. झोळी निघाल्यावर भाऊजींना फिजिओथेरपिस्टने कप्पीची परवानगी दिली आहे, त्यामुळे ती सध्या त्यांच्या ओसरीत आहे आणि माझा सकाळचा व्यायाम तिथेच होतो.